हवा आत, डास बाहेर

लोणावळ्याला माणसे हवा खायला जातात. आपल्या भाषेतला हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. पाणी पितात, औषध घेतात, पण हवा मात्र खातात. आणि तीही बोरघाट चढून आल्यावरची! 1863 साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला, मुंबई आणि पुणे रुळांनी जोडली गेली, आणि खंडाळे-लोणावळे या दोन गावांचे नशीब उघडले. तेव्हापासून पारशी शेठजी, गुजराती व्यापारी, चाकरमाने कारकून, सारे इथे येऊन छात्या भरभरून हवा खात आले आहेत.

गंमत अशी की, त्याच काळात हवेवर एक मोठा आळही होता. थंडी वाजून येणाऱ्या तापाला आपण मलेरिया म्हणतो. हा शब्द मूळ इटालियन, आणि त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरून येणारी रात्रीची हवा अंगाला लागली की ताप येतो, अशी भल्याभल्यांची समजूत होती. म्हणून दिवे लागले की खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या आणि आत घामाने भिजत पडायचे. 1897 साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस एका डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधून काढले, तेव्हा कुठे बिचारी हवा निर्दोष सुटली. खरा गुन्हेगार त्या हवेवर बसून येत होता.

म्हणजे करायचे काय, तर हवा आत घ्यायची आणि डास बाहेर ठेवायचा. घरात हे सोपे आहे. चार खिळे, चार नाड्या, झाली मच्छरदाणी. पण मावळात, लोहगडवाडीच्या एखाद्या शेताच्या बांधावर किंवा राजमाचीच्या वाटेवर, जिथे खिळा ठोकायला भिंतच नसते, तिथे काय करायचे? आमच्या घरात हा प्रश्न दोन वर्षे गाजत होता, आणि तो सोडवायचे काम माझ्या शिवणयंत्राकडे आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे भाऊजी आणि माझी थोरली मुलगी ही दोघे डोंगरवेडी. पाठीवर पोतडी टाकायची, पहाटेची लोकल धरायची, मळवलीला उतरायचे आणि भाजे, विसापूर करीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळीने माखून परत यायचे, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. ओझे कमी व्हावे म्हणून तंबू त्यांनी केव्हाच सोडला. त्याऐवजी पातळ नायलॉनच्या कापडाचे एक छप्पर नेतात. दोन काठ्या उभ्या करायच्या, मधून दोरी ताणायची, तिच्यावर कापड टाकायचे आणि चारी कोपरे खुंट्यांना बांधायचे. धनगर आणि वाटसरू ज्याला पाल म्हणतात तेच हे. फक्त कापड विलायती आणि वजन अर्ध्या किलोच्या आत. सासूबाईंना भाऊजींनी प्रथम सांगितले की “आम्ही पालीत झोपतो”, तेव्हा त्यांनी जो चेहरा केला तो मी अजून विसरलेले नाही.

या पालाचा गुण हा की ते चहूबाजूंनी मोकळे. घाटमाथ्यावरचा वारा आरपार खेळतो, पडल्या पडल्या चांदणे दिसते. आणि अवगुणही तोच. वारा पडला की डास येतात, चिलटे येतात, मुंग्या येतात, आणि पहाटेपर्यंत माणूस स्वतःच्याच थोबाडीत मारीत बसतो.

एकदा पवना जलाशयाच्या काठी मुक्काम करून भाऊजी रविवारी रात्री परतले आणि सोमवारी त्यांना सणकून ताप भरला. रक्त तपासले तर डेंग्यू! आठ दिवस दवाखान्यात काढले. रोज पेशींचे आकडे येत, आणि आकडा खाली गेला की घरात कोणी कोणाशी बोलत नसे. ते बरे होऊन घरी आले त्याच दिवशी सासूबाईंनी निकाल दिला, “आता रानात झोपणे बंद. नातीचेही बंद.”

डॉक्टरांनी समजावून पाहिले. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात, तेव्हा शनिवारी चावलेल्या डासाचा ताप सोमवारी येणे कठीण. शिवाय डेंग्यू पसरवणारा पट्टेदार डास हा मुख्यतः दिवसा चावणारा, आणि वस्तीला धरून राहणारा. त्याला रान आवडत नाही. त्याला आवडते कुलरमधले पाणी, गच्चीवरचा जुना टायर, उघडी टाकी. पुढे महापालिकेची माणसे आमच्या इमारतीत तपासणीला आली, तेव्हा गच्चीवर कोणी टाकून दिलेल्या रंगाच्या डब्यात त्यांना अळ्या वळवळताना सापडल्याच. म्हणजे मावळावर विनाकारण आळ आला, जसा पूर्वी हवेवर येत होता तसाच. पण सासूबाईंचे म्हणणे एकच: “डास तो डास. तिथे काय त्यांना पट्टे नसतात?” या युक्तिवादाला उत्तर नव्हते, कारण रात्री चावून मलेरिया देणारे डास वेगळे असतात, आणि ते काही शहरापुरते नाहीत.

तेव्हा तह असा ठरला की पालाला चहूबाजूंनी जाळी लागेल, आणि ती सासूबाई स्वतः तपासतील, तरच पुढचा मुक्काम.

तुम्ही म्हणाल, बाजारात जाळीचे तयार तंबू मिळतात की! मिळतात. पण हलके असतात ते महाग असतात, आणि स्वस्त असतात ते पाठ मोडतात. धुराचा उपाय आहे म्हणावे, तर मावळात त्याचे भय वेगळे. इथल्या कातळकड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. कड्याखाली शेकोटीचा धूर केला की माश्या उठतात, आणि त्या उठल्या की पळायला जागा नसते. किल्ल्यांवर माश्यांच्या हल्ल्यात माणसे जखमी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि डास पळवायची उदबत्ती बंदिस्त कापडाखाली लावून झोपणे म्हणजे रात्रभर तिचा धूर पिणे. शिवाय नायलॉनला ठिणगी लागायचा धोका. जाळी मात्र ना धूर करते, ना वास, ना आवाज.

आणि ही युक्ती मावळच्या डोंगरांना नवीन नाही, बरे का. भाज्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंच्या खोल्या आहेत, आणि खोल्यांत दगडातच कोरलेले निजायचे ओटे आहेत. पावसाळ्यातले तीन महिने भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहावे असा दंडक होता. पावसाळा, डोंगर आणि दगडी खोली. डास काय कमी असतील? विनयपिटकातल्या चुल्लवग्ग या भागात भिक्षूंना काय काय वस्तू वापरायची मुभा आहे याची मोठी जंत्री आहे. तीत डासांनी हैराण झालेल्या भिक्षूंसाठी ‘मकसकुटिका’ वापरायची परवानगी दिलेली आहे. मकस म्हणजे डास; ही झाली डासांपासून वाचवणारी छोटी कुटी, म्हणजे आपली मच्छरदाणीच! भाज्याच्या भिक्षूंकडे ती प्रत्यक्ष होती की नाही, हे दगड सांगत नाहीत. पण सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसालाही ती लागते, हे वाचून मला मोठा धीर आला.

आता प्रत्यक्ष काम. पहिला प्रश्न जाळीच्या भोकांचा. दुकानात सगळ्याच जाळ्या सारख्या दिसतात, पण नेहमीच्या मच्छरदाणीचे भोक सव्वा ते दीड मिलिमीटरचे असते. डास त्यातून येत नाही. पण डासाहून लहान अशी एक माशी असते, सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या आसपास राहते आणि या भोकांतून बिनदिक्कत आत येते. ती नुसती चावते असे नव्हे. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रोग्यांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, तो वेगळा काढला, आणि आज जगभर तो त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. तो मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूवर हल्ला करतो आणि पसरतो तो या वाळूमाशीमार्फत. तेव्हा जाळी घ्यायची तर बारीक भोकाचीच.

बारीक म्हणजे किती, हे पाहायला मी दुकानात भिंग नेले नाही. पुडीत चमचाभर खसखस नेली. जाळी हातावर ताणायची आणि वर खसखस टाकायची. नेहमीच्या मच्छरदाणीतून दाणे खाली गळतात. ज्या जाळीवर दाणे तसेच राहतात ती आपली. दुकानदार प्रथम हसला, मग स्वतःच दुसरे तागे काढून खसखस टाकून पाहू लागला.

रंग काळा घ्यावा. पांढऱ्या जाळीवर विजेरीचा उजेड पडला की ती पडद्यासारखी चमकते आणि पलीकडचे काही दिसत नाही. काळ्या जाळीतून बाहेरचे स्वच्छ दिसते. सासूबाईंना काळा रंग अशुभ वाटला, पण “दृष्ट लागू नये म्हणून” असे मुलीने सांगितल्यावर तो मंजूर झाला.

माप असे. आमचे पाल दहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. मधली दोरी चार फुटांवर बांधली आणि कडा जमिनीपासून वीतभर वर ठेवल्या, तर खालची रुंदी साडेपाच-पावणेसहा फूट येते. दोन माणसे ऐसपैस झोपतात. दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन फूट रुंदीची पट्टी, परकराला झालर लावतो तशी. दोन तोंडांना त्रिकोण, आणि त्यांच्याही खाली तेवढीच झालर. एकूण जाळी सुमारे आठ चौरस मीटर लागली. फीत, दोरा, सगळे धरून वजन पाव किलोच्या आसपास भरले. भाऊजींनी ते भाजीच्या काट्यावर तोलून पाहिले आणि तेवढ्या वजनाचा चिवडा कमी न्यायचे कबूल केले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, कडा जमिनीपासून वीतभर वर, तर झालर दोन फूट कशाला? इथेच सगळे इंगित आहे. बहुतेक लोक जाळी जमिनीपर्यंत आणतात आणि थांबतात. ती वाऱ्याने उडते, आणि जमिनीशी बोटभर फट राहते. डासाला बोटभर फट म्हणजे दिंडी दरवाजाच. पण मला डासापेक्षा दुसऱ्याच पाहुण्याची काळजी होती. आपल्याकडची मण्यार ही रात्री हिंडणारी, अतिविषारी, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरण्याबद्दल कुप्रसिद्ध. तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपलेल्याला तो कळतही नाही. नेपाळच्या तराईतल्या खेड्यांत सर्पदंशाची पाहणी झाली, ती 2007 साली प्रसिद्ध झाली. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी होतो, असे तीत आढळले. अर्थात जाळी नीट खोचलेली असली तर! म्हणून आमची झालर वीतभर खाली उतरते, तिथून हातभर आत वळते, आणि तिच्यावर खालचे मेणकापड व सतरंजी येते. माणसाच्या स्वतःच्या वजनानेच ती दाबली जाते. कोपऱ्यांवर बूट ठेवायचे. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे मावळात वेगळे सांगायला नको. दगडाखाली विंचू मुबलक.

शिवताना दोन अडचणी आल्या. जाळी यंत्राच्या दात्यांत अडकते, आणि नायलॉन पायाखालून सटकते. उपाय घरातच होता. वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापल्या, जाळीखाली कागद घेतला आणि त्यावरून टीप मारली. नंतर कागद ओढला की टिपेच्या भोकांवर फाटून निघून येतो. जाळी थेट पालाला जोडू नये. आधी तिला बोटभर रुंदीची फीत लावावी आणि मग ती फीत पालाच्या काठाच्या दुमडीवर शिवावी. मधल्या कापडावर सुई मुळीच घालू नये. लोणावळ्याला वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तिथे सुईचे प्रत्येक भोक म्हणजे एक पागोळी. काठावरच्या टिपेलासुद्धा मी आतून सिलिकॉनचा पातळ लेप दिला. दोरा सुती नको, तो पाणी शोषतो आणि कुजतो, पॉलिएस्टरचा घ्यावा. सुई बारीक, अकरा नंबरची.

आणखी एक. जाळी मापाला तंतोतंत कापू नये. नायलॉन ओले झाले की सैल पडते, मग दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. जाळी घट्ट असेल तर त्या ताणात टरकन फाटते. साडीला फॉल लावताना आपण जसा थोडा सैल सोडतो, तसे फुटामागे दोन-तीन बोटे जास्त धरावे. सैल जाळी अंगालाही चिकटू देऊ नये, कारण कोपर टेकला की डास बाहेरूनच आपले जेवण उरकतो.

दाराला चेन लावावी असे भाऊजींचे मत होते. मी नको म्हटले. चेन जड, आणि मावळच्या चिखलात दोन मुक्कामांत दात धरते. एका तोंडाला त्रिकोणाचे दोन भाग केले, ते एकमेकांवर हातभर चढवले, लुगड्याच्या पदरासारखे. आत जाताना बाजूला सारायचे, आत गेल्यावर दगड ठेवायचा. डास हुशार असला तरी पदर सारून आत येण्याइतका नाही.

जाळीला पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक लावतात, त्याची पुष्कळ शिफारस होते. ते लावलेल्या जाळ्यांनी आफ्रिकेत लाखो मुलांचे प्राण वाचवले आहेत, तेव्हा त्याला नाव ठेवायचे कारण नाही. पण ते माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना अतिशय घातक. अशी जाळी नदीत किंवा धरणाच्या पाण्यात कदापि खळबळू नये. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात, आणि मासे कोळ्यांच्या पोटाचे आहेत. आम्ही ते लावलेच नाही.

जाळी लावल्याने वारा थोडा अडतो, हे मान्य केले पाहिजे. बारीक भोकाची तर जास्तच अडवते. उन्हाळ्यात ते जाणवते. पावसाळ्यात पालाची पाठ नैर्ऋत्येला ठेवावी, कारण पाऊस कोकणातून तिरपा वर येतो आणि जाळीला तो काही जुमानत नाही. आणि मुक्काम कुठे करायचा तेही पाहून. लोहगड, विसापूर ही संरक्षित स्मारके आहेत. लोहगड तर 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे सूर्यास्तानंतर राहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी खळ्यात, विचारून, पाल ठोकावे. सकाळी पिठले-भाकरी त्यांच्याकडेच खावी आणि पैसे न मागता द्यावेत.

सासूबाईंची तपासणी आमच्या गच्चीवर झाली. पाल उभारले, मुलीला आत बसवले, आणि त्या चारी बाजूंनी वाकून बोटाने फट शोधीत फिरल्या. एक सापडली, मागच्या कोपऱ्यात, करंगळीएवढी. ती तिथेच त्यांनी स्वतः सुईदोरा घेऊन हाताने शिवली. तो कोपरा अजून सर्वांत मजबूत आहे.

पहिला मुक्काम राजमाचीला झाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने लांब चालत जाऊन उधेवाडी लागते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले डोक्यावर, आणि गो. नी. दांडेकरांच्या बुधाची ती माची. या वेळी मीही गेले. शिवणारीनेच आत झोपून दाखवावे, असे ठरले होते. पाऊस यायच्या आधीचे ते दिवस म्हणजे तिथल्या काजव्यांचे. विजेऱ्या विझवल्या, जाळीच्या आत पडलो. थोड्या वेळाने समोरच्या झाडावर एक ठिणगी, मग दहा, मग सगळे झाड एका लयीत उजळू-विझू लागले. चिलटांचा बारीक सूर बाहेर चालूच होता. एक काजवा जाळीवर येऊन बसला आणि माझ्या नाकासमोर बराच वेळ लुकलुकत राहिला. मुलीने जाळी उचलून त्याला आत घेऊ का, असे विचारले. मी नको म्हटले; एकदा उचलली की काजव्यामागोमाग कोण कोण येईल, याचा नेम नाही.

घरी आल्यावर जाळी सावलीत वाळवून, घडी न घालता सैल गुंडाळून ठेवते. घडीवर ती चिरते. एका बाजूला काटेरी फांदीने फाटलेले दोन ठिकाणी आहे, तिथे लहानसे ठिगळ लावले आहे. पुढच्या मोसमासाठी दुसरी करायची आहे, तीन माणसांची. सासूबाईंनी जमिनीवर निजणे जमणार नाही म्हणून नायलॉनची पट्टी लावलेली घडीची खाट चौकशीला टाकली आहे; तेव्हा दोरी चारऐवजी पाच फुटांवर घ्यावी लागेल, आणि त्रिकोणांचे माप पुन्हा काढायला हवे.